नवा दाणा चढवण्यापूर्वी

हे देवा विश्वकर्म्या, एक्स्ट्रुडर तापला आहे, हॉपरमध्ये नवा दाणा पडला आहे. डायमधून फिल्मचा बबल वर चढण्याआधी तुझ्यापुढे हात जोडतो.

पॉलिथिनमध्ये तू दोनच मूलद्रव्यं घातलीस, कार्बन आणि हायड्रोजन. तरी एलडी आणि एलएलडी या त्याच्या दोन जातींच्या स्वभावात केवढं अंतर ठेवलंस! दोन्ही पोत्यांवर एमएफआय २. म्हणजे १९० अंशांना, २.१६ किलोच्या वजनाखाली, दहा मिनिटांत दोन्हींचा दोन-दोन ग्रॅम माल बाहेर येतो. मशीनवर मात्र दोघं वेगळे वागतात.

एलएलडीच्या फांद्या आखूड. त्याची साखळी इतरांच्या गर्दीतून, साप बिळातून सरकावा तशी, लांबीच्या दिशेने निसटते. ही चाल १९७१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी मांडली. एलडीच्या लांब फांद्यांना ती वाट बंद. फांदी टोकापासून मागे आखडत सांध्यापर्यंत यावी, तेव्हा कुठे सांधा जरासा हलतो. दोन सांध्यांमधला कणा तोवर अडकलेलाच. म्हणून बबल ताणला की एलडी ताठरतो. फिल्म जिथे पातळ होऊ लागते तिथेच तो जोर धरतो आणि बबल डुलत नाही. डायच्या अरुंद फटीत मात्र, वेग वाढला की हाच एलडी सैल होऊन भराभर वाहतो. एलएलडी तिथे मोटरवर भार टाकतो, फिल्म खरखरीत करतो. पण त्याची पिशवी सहजी भोसकली जात नाही. म्हणून आम्ही दोघांना मिसळतो.

१९३३ मध्ये इंग्लंडात विनिंग्टनला रसायनशास्त्रज्ञ फॉसेट आणि गिब्सन यांना प्रचंड दाबाखालच्या इथिलीनमधून मेणचट पांढरा पदार्थ, म्हणजे हेच पॉलिथिन, मिळाला, तो न मागता. त्या दाबात वाढती साखळी शेजारणीचा हायड्रोजन ओढून घेते आणि तिथून लांब फांदी फुटते, ही करणी तुझीच.

देवा, पोत्यावरच्या एका आकड्यावर विसंबण्याचा आळस माझ्यातून काढ. मिश्रण बदलण्याआधी दाबाचा काटा, मोटरचे अँपिअर आणि बबलची मान नीट बघण्याचा धीर दे. माल परत आला, तर मशीनवरच्या पोराला बोल लावण्याआधी दाण्याची चौकशी करायला लाव. आणि तापलेल्या डायपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाचे हात सलामत ठेव.