यंत्राची निगा आणि माणसाचा मान

खंडेनवमीस आपल्याकडील कामगार आपल्या यंत्राला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. एरवीं तेंच यंत्र खडखडूं लागलें, तर मात्र हात झाडून फिटरची वाट पाहत उभा राहतो. या विसंगतीबद्दल त्याला हंसण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं क्षणभर विचार करावा. यंत्राच्या प्रकृतीची चौकशी करण्याची मुभा त्याला दिली तरी कोणी?

अर्वाचीन कारखान्यानें श्रमांची वांटणी करतां करतां एक विचित्र भिंत उभी केली: यंत्र चालवील तो एक, त्याची निगा राखील तो दुसरा. ही भिंत पाडण्याचा प्रयोग जपानांत झाला. मोटारींचे विद्युत् भाग तयार करणाऱ्या निप्पोनडेन्सो कंपनीनें १९६९ सालीं सर्व थरांतील माणसांना देखभालींत सहभागी करून घेतलें. १९७१ सालीं तिला त्याबद्दल पारितोषिक मिळालें, आणि सेइइची नाकाजिमा यांनीं ही पद्धति पुढें जगासमोर मांडली. तिचें मर्म साधें आहे. यंत्र पुसणें, तेल देणें, ढिले नटबोल्ट आवळणें हीं कामें चालविणाराच करतो. अवघड दुरुस्ती तज्ज्ञाकडेच राहते. पुसतांना भेग हाताला लागते, तापलेलें बेअरिंग कळतें, गळती दिसते. म्हणजे साफसफाई हीच तपासणी होते.

यांत कामगाराचें हित कोणतें? यंत्र अकस्मात् मोडलें म्हणजे पैसा मालकाचा जातो खरा; पण बोटें जातात तीं कामगाराचीं. जो नगावर मजुरी मिळवितो, त्याची मिळकतही बुडते. परंतु आमच्या मतें याहून मोठा लाभ ज्ञानाचा आहे. बटण दाबणारा हात हा केवळ हात असतो. आवाजावरून दोष ओळखणारा मनुष्य कारागीर होतो.

‘ही तर फुकटची वेठ!’ असें कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पाळी संपल्यावर मोबदल्यावांचून यंत्र पुसावयास लावणें, किंवा या निमित्तानें फिटर कमी करणें, आणि वर त्यास ‘आपलेपणा’ म्हणणें ही उघड फसवणूक होय. आपलेपणा हुकमानें उत्पन्न होत नाहीं.

मग खरें-खोटें ओळखावें कसें? यंत्र चालू असतांनाच त्यास तेल देणें अपरिहार्य असेल, तर तें खास शिकविलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषानेंच करावें, असा निर्बंध आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानें घातला. यांतील बोध स्पष्ट आहे: निगा राखावयाची तर यंत्र आधीं थांबविलें पाहिजे. म्हणून आमची कसोटी एकच. उत्पादनाचा तगादा चालू असतांना, दोष दिसतांच, तें थांबविण्याचा अधिकार कामगारास आहे काय? नसेल, तर त्याच्या हातीं तेलाचा डबा देणें म्हणजे जबाबदारी देऊन अधिकार राखून ठेवणें होय.

वर्षांतून एकदां पूजा करणाऱ्या हातांना उरलेले दिवस काळजी वाहण्याचा, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मिळाला, तरच ती झेंडूची माळ सार्थ होईल.