'चुकले असेल तर'

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्या परिसरात, तसेच डिचोलीकडे, देवासमोर गाऱ्हाणे घातले जाते ते सगळ्या गावाच्या वतीने. कळत-नकळत काही चुकले असेल तर पोटात घाल, लेकरांना सांभाळ, अशी विनवणी होते आणि जमलेली माणसे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवळाबाहेर पडताना कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला तर त्याच तोंडांतून 'सॉरी' निघते. एक क्षमा देवाकडे, दुसरी माणसाकडे. पहिलीने दुसरीचे काम भागते का?

सॉरी हा मुळात माफीचा शब्द नव्हेच. जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग'चा अर्थ व्यथित. इंग्रज माणूस मयताच्या घरीही सॉरी म्हणतो, तो दुःखात सहभागी होण्यासाठी. आपण शब्द उचलला, पण मयताच्या घरी तो कुणी काढत नाही. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांना त्यात दोन्ही दिसले: अर्धे मनातल्या भावनेचे वर्णन, अर्धी प्रत्यक्ष माफी.

या अर्ध्यामुर्ध्यावरून ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षे वाद पेटला. तिथल्या सरकारांनी आदिवासींची मुले आईबापांपासून तोडली होती. 1999 साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या ठरावात संसदेने खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. 13 फेब्रुवारी 2008 रोजी नवे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत सॉरी म्हटले, तेव्हा ऐकायला तुटलेल्यांपैकी कितीतरी जण हयातच नव्हते. त्यांच्या वतीने क्षमा करायची कुणी?

देवाच्या क्षमेने माणसाच्या क्षमेचे काम भागते का, हा प्रश्न धर्मांनी टाळलेला नाही. ज्यूंच्या मिश्ना ग्रंथानुसार प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धचे पाप धुतो. शेजाऱ्याचा केलेला अपराध मात्र त्या शेजाऱ्याचे मन वळवल्याशिवाय धुतला जात नाही. जैन मंडळी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत क्षमा मागतात, तीही एकमेकांची.

म्हणून गाऱ्हाण्यातले 'चुकले असेल तर' प्रामाणिक वाटते. नांगराखाली चिरडलेला जीव, विसरलेला नवस, वाडवडिलांकडून राहून गेलेले काही: इथे चूक कोणती हेच माहीत नसते, आणि माफ करणारा माणूसही समोर नसतो. पण शेजाऱ्याच्या शेताचा बांध कोरणाऱ्याला आपली चूक पक्की ठाऊक असते. त्याने 'तुम्हाला वाईट वाटले असेल तर सॉरी' म्हटले, तर तो 'तर' निव्वळ पळवाट ठरतो. देवासमोर कितीही गाऱ्हाणी घातली तरी त्याला आधी बांध पूर्ववत करून शेजाऱ्याच्या दारात जावे लागेल, आणि शेजारी नाही म्हणाला तर तेही ऐकून घ्यावे लागेल.