ताट निराळें, पंगत एक

गांवांत एखादें मूल अंध, बहिरें अथवा मंद गतीनें शिकणारें असलें म्हणजे लोक म्हणतात, "त्याला शाळेचा काय उपयोग?" कोणी अधिक दयाळू असला तर म्हणतो, "अशांसाठीं शहरांत वेगळी शाळा असते, तेथें पाठवा." पहिलें बोलणें निष्ठुर आहे हें उघडच आहे. दुसऱ्याचा मात्र नीट विचार केला पाहिजे.

वेगळ्या शाळांचे उपकार आपण विसरूं नयेत. १८८७ सालीं अमृतसर येथें मिस अ‍ॅनी शार्प यांनीं व १९०० सालीं मुंबईंत मिस अ‍ॅना मिलार्ड यांनीं अंधांच्या शाळा काढिल्या, तेव्हां या मुलांस दुसरें दार जवळजवळ नव्हतेंच. पण त्यांनीं एक दार उघडलें म्हणून गांवच्या शाळेनें आपलें दार लावून घ्यावें काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें किमान ४० टक्के दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत अथवा विशेष शाळेंत विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे, व ही निवड त्याची आहे.

यावर कोणी विचारील, "एकासाठीं मास्तरांनीं जादा वेळ दिला तर इतरांवर अन्याय होत नाहीं काय?" प्रश्न खरा आहे. परंतु सर्वांस एकच माप देणें म्हणजे न्याय नव्हे. घरांत नांगरून आलेल्यास भाकर व आजाऱ्यास पेज वाढितात. ताटें निराळीं असतात, पण पंगत एकच असते. शिवाय मास्तर फळ्यावर लिहितांना तेंच मोठ्यानें वाचतील, तर अंध मुलाबरोबर मागें बसलेल्यांसही धडा समजेल. खडे मांडून हिशेब शिकविला तर साऱ्या वर्गाचा पाया पक्का होईल.

मात्र पटावर नांव व कोपऱ्यांत जागा एवढ्यानें कर्तव्य संपत नाहीं. ब्रेल शिकविणारा हवा, प्रशिक्षित शिक्षक हवा. त्यांवांचून मूल वर्गांत असूनही बाहेरच राहतें. तें मागणें हें आपलें काम आहे.

आणि इतर मुलांचें काय? जो अंध सोबत्याजवळ कधीं बसलाच नाहीं, तोच पुढें पंच होऊन, त्याला न ओळखतां, त्याच्याविषयीं निर्णय करील. वाचकहो, आपल्या गांवांत असें मूल घरीं बसलें आहे काय? उद्यां आपलें मूल शाळेस निघेल, तेव्हां त्याच्याही दाराशीं हांक मारावी.