कर्म कंपनीचे, भोग कुणाचे?
भारतीय दर्शनांनी कर्मविचारात दोन दोष टाळण्यासाठी फार धडपड केली. एक कृतप्रणाश, म्हणजे केलेले कर्म फळ न देताच विरून जाणे. दुसरा अकृताभ्यागम, न केलेल्या कर्माचे फळ माथी येणे. सारे क्षणिक मानणाऱ्या बौद्धांवर हाच आक्षेप होता : कर्ताच बदलत राहिला, तर कर्म भोगायचे कुणी?

भोपाळमध्ये हे दोन्ही दोष ढळढळीत दिसतात.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१मध्ये डाऊ केमिकलने कार्बाइड विकत घेतली, जबाबदारी मात्र नाकारली. कार्बाइडचे तेव्हाचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातल्या खटल्याला कधीच सामोरे गेले नाहीत; २०१४मध्ये ते अमेरिकेत वारले. इकडे कारखान्याच्या आवारात पडून राहिलेल्या विषारी कचऱ्याने आसपासचे भूजल नासले. ते पाणी त्या रात्रीनंतर जन्मलेल्या मुलांच्याही वाट्याला आले. त्यांचे कर्म कोणते?

आपला कायदा देवमूर्तीलाही व्यक्ती मानतो, कंपनीलाही. पण मालमत्तेपुरती चिरंजीव असलेली ही व्यक्ती अपराधापुरती मर्त्य कशी होते? दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट काढली. घातक उद्योगातून इजा झाली, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई द्यावीच लागेल, असे ठरले. भोपाळची तडजोड त्यानंतरची, तरी या कसोटीवर निवाडा झालाच नाही.