पगाराच्या आकड्यात न मावणारी माणसे

हातातली नोकरी अधिक पगार देते आणि समोर आलेली नोकरी कमी पगारात अधिक सवलती देऊ करते, तेव्हा निवड करणाऱ्याला हा प्रश्न बहुधा निव्वळ हिशेबाचा वाटतो. कारण पगार ही एक रक्कम आहे, सवलतींचीही रक्कम काढता येते, आणि दोन रकमांपैकी मोठी कोणती हे ठरवायला नीतिविचाराची गरज पडत नाही. परंतु हिशेब मांडायला बसले की लवकरच ध्यानात येते की पगार ज्याच्या खात्यात जमा होतो तो आणि सवलती ज्यांच्या कामी येतात ती माणसे पुष्कळदा वेगळी असतात, आणि निर्णय मात्र पहिला एकटाच घेतो. येथे सवलती म्हणजे मासिक पगाराबाहेर मालकाकडून मिळणारे सर्व काही असे धरावे: भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, कुटुंबाचा आरोग्यविमा, भरपगारी रजा, कामाचे ठरलेले तास, जाण्यायेण्याची सोय, आणि मराठी मध्यमवर्गाने अनेक पिढ्या ज्याला या सर्वांहून अधिक मोल दिले ते नोकरीचे कायमपण.

पगार आणि नोकरीचे इतर गुणधर्म यांचा परस्परसंबंध ॲडम स्मिथ याने 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात सविस्तर मांडला. काम सुखावह आहे की क्लेशकारक, ते शिकायला किती खर्च येतो, ते अखंड मिळते की मधूनमधून, त्यात विश्वासाची जबाबदारी किती आणि यशाची शक्यता किती, अशा पाच कारणांनी मजुरीत फरक पडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कडाक्याच्या थंडीत आणि पावसात गवंड्याचे काम बंद पडते, म्हणून चालू दिवसांची त्याची मजुरी अधिक असते, हा त्याचाच दाखला. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी या विचाराला भरपाईच्या वेतनफरकाचा सिद्धांत असे रूप दिले, आणि त्याचा साधा अर्थ असा की नोकरीतली उणीव पगार भरून काढतो आणि पगारातली उणीव नोकरीतले सुख भरून काढते. हा सिद्धांत खरा मानला, तर कमी पगाराच्या प्रस्तावाविषयी फारसे दुःख करण्याचे कारण उरत नाही.

मात्र तो खरा ठरण्यासाठी कामगाराला नाही म्हणण्याची मुभा असावी लागते, आणि ती मुभा समाजात सारखी वाटलेली नाही. जल्लादाचे काम सर्वांत घृणास्पद म्हणूनच त्याला कामाच्या मानाने मोबदला अधिक मिळतो असे स्मिथने लिहिले. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत नाले आणि कचरा उपसणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्याच रस्त्यावर तेच काम करणाऱ्या कायम कामगाराहून पगारही कमी मिळतो आणि सवलतीही कमी मिळतात, आणि याचे कारण बाजारात नसून जातिव्यवस्थेत व कंत्राटपद्धतीत आहे. याच क्षेत्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नियुक्ती देण्याची तरतूद आहे. ज्या घरात दुसरे काही मिळण्याची शाश्वती नाही तेथे ही सवलत मोठा आधार ठरते, यात शंका नाही. पण बापाच्या नोकरीची ही सवलत मुलाला पुन्हा त्याच कामाकडे नेते, आणि म्हणून सवलत जेवढी मोठी तेवढी ती कल्याणकारीच असे समजणे भाबडेपणाचे होईल. अधिक पगार की अधिक सवलती असा विचार करण्याची संधी मिळणे हीच मुळात एक सवलत आहे, हे येथे नोंदवून पुढे जाणे योग्य.

ज्याला ती संधी मिळते त्याची पहिली चूक बहुधा आकडा वाचण्यात होते. खासगी कंपन्या ज्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण वार्षिक खर्च, त्यात पुष्कळदा भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदानाची तरतूद आणि विम्याचा हप्ताही धरलेला असतो; दुसरीकडे जुन्या वळणाची संस्था केवळ पगार सांगते आणि या गोष्टी त्यावर वेगळ्या देते, तेव्हा लग्नाच्या बैठकीत ‘पॅकेज किती?’ या प्रश्नाला मिळणारी दोन उत्तरे एका मापाची नसतात. कायद्यानुसार भविष्यनिर्वाह निधीत कर्मचारी आणि मालक प्रत्येकी 12 टक्के भरतात, परंतु अनेक कंपन्या ही टक्केवारी 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेपुरतीच लावतात.

समजा, पुण्यात हडपसरला राहून हिंजवडीच्या संगणक कंपनीत जाणाऱ्या अभियंत्याला एका जुन्या कारखान्याने हातात महिना 20,000 रुपये कमी मिळतील अशी जागा देऊ केली, दोन्हीकडे मूळ वेतन 40,000 रुपये आहे, आणि कारखाना निधीची वर्गणी पूर्ण मूळ वेतनावर भरतो. अशा वेळी त्याची स्वतःची वर्गणी 1,800 ऐवजी 4,800 होते, मालकाचीही तेवढीच होते, म्हणजे कमी दिसणाऱ्या 20,000 पैकी 3,000 त्याच्याच नावावर साठतात आणि आणखी 3,000 मालक घालतो. उरलेल्या 14,000 मधून आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे, बाजारात वर्षाला 60,000 लागतील असे धरले तर, महिन्याचे 5,000 वजा होतात. राहिले 9,000. कारखान्याची बस घराजवळून निघत असल्यामुळे रोजचे दोन तास वाचत असतील, तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 44 तास होतात, आणि सध्याची नोकरी हे तास साधारण 205 रुपये ताशी दराने विकत घेत आहे असा अर्थ निघतो. उपदानाचाही विचार त्याने करावा. 1972 च्या कायद्याने रुजवलेल्या रीतीनुसार सेवेच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचे वेतन, महिन्याचे 26 दिवस धरून, मिळते, म्हणजे 40,000 रुपयांवर वर्षाला सुमारे 23,000, परंतु कायम कर्मचाऱ्याला त्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि चौथ्या वर्षी सोडणारा ही रक्कम मागे टाकून जातो.

अंकगणित येथवर साथ देते. पुढची अडचण अशी की सर्व सवलती एका जातीच्या नसतात. काही कर्मचाऱ्याच्या नावावर प्रत्यक्ष जमा होतात आणि काही केवळ मालकाच्या शब्दात राहतात. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा अनेक कामगारांचे उपदान वर्षानुवर्षे थकले. गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची मुभा देताना 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीला त्यातला पैसा कामगारांच्या देण्यांसाठी वापरण्याची अट घालावी लागली, यावरून शब्दात राहिलेल्या सवलतीचे पुढे काय होऊ शकते हे दिसते. सरकार हा मालक बुडत नाही, पण तोही अटी बदलतो. 1 नोव्हेंबर 2005 पासून नेमणूक झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना शेवटच्या पगाराच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारी जुनी योजना नाकारली गेली, आणि मार्च 2023 मध्ये तिच्यासाठी राज्यभर संप झाला. खासगी क्षेत्रातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान मासिक रक्कम 2014 पासून 1,000 रुपये आहे. ती आज म्हातारपणाचा आधार म्हणून कोणी सांगत असेल, तर त्याने अलीकडे किराणा भरलेला नसावा. म्हणून कमी पगार स्वीकारताना त्या बदल्यात जे मिळते ते जमा आहे की वचन आहे, आणि वचन असल्यास देणारा किती काळ टिकेल, हे पाहणे शहाणपणाचे असते.

नीतीचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो आरोग्यविम्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. मालकाने काढलेल्या सामूहिक विम्यात मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक विम्यात त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला हप्ता जड जातो. म्हणजे आईवडिलांचा समावेश असलेली नोकरी आणि नसलेली नोकरी यांतला फरक पगार घेणाऱ्या तिशीतल्या मुलाच्या दृष्टीने वर्षाकाठीचे काही हजार रुपये असतो, तर आईच्या दृष्टीने तो डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी आज करायची की दिवाळीनंतर, असा असतो. ती आपण होऊन काही बोलत नाही. ‘तुझं तू बघ, आमचं काय’ हे मराठी घरातले ठरलेले उत्तर पुष्कळदा संमती म्हणून वाचले जाते, आणि ते तसे वाचणे सोयीचे असते. कामाच्या तासांचेही असेच आहे. मुलाला शाळेतून आणणे, सासऱ्यांना दवाखान्यात नेणे, गॅसवाल्यासाठी घरी थांबणे ही कामे कोणी तरी करतेच, आणि नवऱ्याच्या नोकरीत रजा नसेल तर ती बायकोच्या नोकरीतून किंवा तिने सोडलेल्या नोकरीतून वळती होतात. अशा घरात नवऱ्याचा अधिक पगार हा अंशतः बायकोच्या न मिळालेल्या पगारातून आलेला असतो, आणि कोणत्याही सीटीसीत त्याची नोंद नसते.

तरीही यातून कमी पगार आणि अधिक सवलती हीच सात्त्विक निवड असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, आणि मराठी मनाला तो मोह फार सहज पडतो, कारण सुरक्षिततेला येथे साधेपणाचा मान मिळालेला आहे. ज्याच्या पगारातून गावाकडच्या शेतीचे कर्ज फिटते किंवा धाकट्या बहिणीचे शिक्षण चालते, त्याच्या महिन्याच्या 20,000 रुपयांतही दुसऱ्यांचा वाटा आहे, आणि त्याने घरापासूनच्या कमी अंतराचे सुख निवडले तर त्याची किंमत त्या बहिणीला मोजावी लागेल. उलट ज्याला पैशाची तशी निकड नाही तो अनेकदा केवळ आकडा उतरू नये म्हणून जागचा हलत नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या विचारानुसार माणसाला तेवढ्याच मिळकतीच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख अधिक वाटते. घटलेला पगार दर महिन्याला हानी म्हणून दिसतो, टळलेला रुग्णालयाचा खर्च मात्र कधीच दिसत नाही. सुरक्षिततेची सवय झालेल्याच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडते, आणि म्हणून आपल्या निर्णयाला तत्त्वाचे नाव देण्यापूर्वी प्रत्येकाने तो कोणत्या भीतीतून आला आहे हे तपासलेले बरे.

एका प्रथेविषयी मात्र मत देणे टाळता येत नाही. नव्या ठिकाणचे नेमणूकपत्र हाती येताच ते सध्याच्या वरिष्ठांपुढे ठेवून पगार वाढवून घेणे आणि मग जुन्याच जागी राहणे, हे संगणक क्षेत्रात इतके रुळले आहे की त्याला कोणी गैर म्हणत नाही. जो खरोखर जाण्याच्या विचारात होता आणि वाढीव पगाराने ज्याचा विचार बदलला त्याला दोष देता येणार नाही. परंतु जाण्याचा हेतूच नसताना मिळवलेले पत्र हे खोटे वचन आहे, आणि ते ज्या संस्थेला दिले तिचे त्यात फारसे बिघडत नाही; बिघडते ते तिसऱ्याच माणसाचे. पुष्कळ कंपन्यांत राजीनाम्यानंतर 90 दिवस काम करावे लागते, तेवढा काळ नवी संस्था त्या माणसाची वाट पाहत जागा राखून ठेवते, आणि तो येत नाही हे कळते तोवर निवड यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवून झालेला असतो. हाच कमी पगार आणि याच सवलती त्याच्या घरी कदाचित कोणी मोजून ठेवल्या असतील.