संसाराचा जमाखर्च

वारज्यात हल्ली घराचा हप्ता, गॅस, पोरांची फी आणि दवाखाना यांतच महिन्याचा पगार संपतो. सात-आठ माणसांचा प्रपंच ओढणाऱ्या माउल्या कीर्तन झाल्यावर आम्हांस विचारतात, "महाराज, सारा दिवस पैपैच्या हिशेबात जातो, मग देवाचे नाव घ्यावे कधी?" त्यांस हिशेब हा परमार्थाचा वैरी वाटतो.

एकनाथमहाराजांचे चरित्र पाहा. देवगिरीस जनार्दनस्वामींपाशी असता एका पैची चूक सापडेना, म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. गुरूंनी वही फेकावयास सांगितले नाही. हीच एकाग्रता भगवंताकडे लाव, म्हणाले. पुढे पैठणास नाथांनी गृहस्थाश्रमच केला आणि दारी आलेल्यास जेवू घातले.

तेव्हा मोजण्यात दोष नाही. परंतु खर्चास कात्री लागली की ती बहुधा एकाच ताटावर चालते. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईचे दूध पोरांस जाते, तिचे औषध पुढल्या महिन्यावर पडते. वहीत शिल्लक दिसते खरी, पण तो हिशेब चुकलेला असतो. नाथांनी एक पै शोधली. आपण ही चूक शोधू नये काय?

म्हणून बाबांनो, वही घरातील सर्वांनी बसून लिहावी. अन्न-औषध आधी, त्यातही तिचे आधी. अतिथीची मूठ राखावी. वारीसाठी दरमहा थोडे बाजूस टाकावे, ऋण काढू नये. असा हिशेब देवास रुजू होतो.