मुलांच्या खेळाला कुंपण कुणी घालायचं?

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत संध्याकाळी पारावर बघा, पाच-सहा पोरं एकाच मोबाइलवर डोकी टेकवून बसलेली असतात. फोन एकाच्या हातात, बाकीचे सेनापती. ‘भो, मागून आला!’, ‘कव्हर दे!’, ‘उडवला, उडवला!’ जाणाऱ्या वडीलधाऱ्याच्या पोटात धस्स होतं. दिवसभर माणसं मारणारी ही पोरं उद्या काय करतील? ही काळजी खोटी नाही. पण बंदी घाला, एवढ्यावरच आपण थांबतो आणि खरा प्रश्न तसाच राहतो.

मोबाइलवरून पसरलेल्या गोष्टीने माणसांचे जीव घेतले, अशी घटना आपल्याच भागात घडली आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचलेल्या होत्या. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

तिथे कुणी गेम खेळत नव्हतं. खेळात पडलेला माणूस पुढच्या डावात उठणार आहे, हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. अफवा मात्र मोठ्यांनी खरी मानली. हिंसा पडद्यावर दिसते तेव्हापेक्षा ती खरी वाटू लागते, तेव्हा जास्त घात होतो. ‘ब्लू व्हेल’ची आठवण काढा. मुलांना आत्महत्येकडे ढकलणारा खेळ म्हणून २०१७ मध्ये त्या नावाने घराघरात भीती शिरली होती. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन गृह राज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितलं, की तपासलेल्या एकाही मृत्यूशी त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०२० मध्ये हेच बजावलं : हिंसक खेळांचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

म्हणून सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. तिथे निकष रक्ताचा नाही, सुटलेल्या ताब्याचा आहे. खेळ थांबवता न येणं, त्यापायी अभ्यास, झोप, नाती मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळतच राहणं, हा तो आजार. आपल्याकडे आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात. एरवी पोराला पत्त्यांना हात लावू न देणारा बापही त्या दिवशी डोळेझाक करतो. पण सण सरला की डाव मोडतो. मोबाइलमधला डाव मोडतच नाही. रोजचं बक्षीस, नवा सीझन, बंदुकीचा नवा रंग, थोडे पैसे भरले की पुढची पायरी : पोराने उठू नये अशीच त्याची बांधणी असते.

या बांधणीकडे आपल्या सरकारांनी क्वचितच पाहिलं. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी या मोबाइलवरच्या खेळावर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांनाच पकडलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत याच खेळावर बंदी मागितली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने पबजीसह ११८ ॲप बंद केले. कारण होतं देशाची सुरक्षा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद केले, तेही योग्यच. पण कोणत्या वयाला कोणता खेळ, याची यंत्रणा अजून नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, यूए १३, यूए १६ असे शिक्के आहेत. खेळाला असा सरकारी शिक्का नाही.

मग कंपन्या आपल्या मनाने कुंपण घालतात. २०२१ मध्ये पबजी ‘बीजीएमआय’ या नावाने परतली, तेव्हा रक्त हिरवं झालं, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली आणि पालकांच्या नंबरवर ओटीपी जाऊ लागला. कागदावर हे छान दिसतं. पण ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तिथे तो ओटीपी खेळणाऱ्या पोराच्याच हातात येऊन पडतो. दिवाळीच्या सुट्टीत चोपडा-धरणगावच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असते. आईबाप सकाळपासून शेतात, फोन घरी. ‘पालकांनी लक्ष ठेवावं’ हा सल्ला त्या आईला काय कामाचा?

राईनपाड्यानंतर एक गोष्ट योग्य झाली. सरकारने दबाव आणला आणि व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्या मर्यादेसाठी कुणाचा निरोप वाचला नाही, कुणाला तुरुंगात टाकलं नाही. यंत्राचा वेग कमी केला. खेळांच्या बाबतीतही हीच वाट आहे. चीनने २०२१ मध्ये मुलांना शुक्रवार ते रविवार आणि सणासुदीला एकेक तास ठरवून दिला. इतकी पाळत लोकशाहीला शोभत नाही. अमेरिकेत १९९४ पासून उद्योगच खेळांना वयाचे शिक्के देतो आणि मुलांना हिंसक खेळ विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. जर्मनीत मात्र वयाचे शिक्के सरकारच्या प्रतिनिधींच्या सहभागाने ठरतात आणि ते दुकानदाराला कायद्याने बांधतात. मला हा मधला मार्ग पटतो.

२०२५ च्या कायद्यात खेळांची वर्गवारी आणि नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. वयाचे शिक्के देण्याचं काम त्यालाच द्यावं. त्यात बालमानसतज्ज्ञ, शिक्षक आणि पालक बसवावेत. मुलांच्या खात्यावरची खरेदी, अनोळखी माणसांशी बोलणं आणि रात्रीचा खेळ मुळातच बंद असावा, चालू करायचा तर मोठ्यांनी करावा, हे कंपनीवर बंधनकारक करावं. चूक झाली तर दंड कंपनीला व्हावा. पोलिसाची काठी पारावरच्या पोरावर पडू नये. आपल्या खासदाराकडे रस्ता मागतो, रेल्वेचा थांबा मागतो, तसं हेही मागा. आणि मागणी मान्य होईपर्यंत घरातल्या पोराशेजारी एकदा बसा, तो काय खेळतो ते त्याच्याकडूनच समजून घ्या.